ताई, तुम्ही किती दिवस येणार?

पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आम्ही काही जण दर शनिवारी दुपारी मुलांबरोबर बसतो. एका मोठ्या माणसामागे एक, फार तर दोन मुलं. गृहपाठ असतो, वाचन असतं, कॅरम असतो, भांडणंही असतात. तीन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी नव्यानं आली. सहावीतली एक मुलगी तिच्याकडे सोपवली. नवी ताई शेजारी बसली आणि म्हणाली, "नाव काय गं तुझं?" मुलीनं दप्तराचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि विचारलं, "ताई, तुम्ही किती दिवस येणार?"

नाव तिनं त्या दिवशी सांगितलंच नाही.

त्याआधीच्या दोन वर्षांत तिला तीन ताया मिळाल्या होत्या. एकीला नोकरी लागली आणि ती बंगळुरूला गेली. दुसरीचं लग्न ठरलं. तिसरी काही न सांगता यायची बंद झाली. तिघींचीही कारणं खरी असणार, आणि तिघी मनानं चांगल्याच होत्या. पण प्रत्येक वेळी या मुलीनं आपलं घर, आपली शाळा, कुठला विषय अवघड जातो, बाबा कुठे असतात, हे सगळं पहिल्यापासून सांगितलं होतं. चौथ्या वेळी ते सांगण्याआधी तिनं मुदत विचारली. तीही दिवसांत.

हा प्रश्न त्या शेडपुरता ठेवू नये असं मला वाटतं. पुण्यात वस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक गटाला, त्या गटाला पैसे देणाऱ्या कंपनीला, तिथे विद्यार्थी पाठवणाऱ्या महाविद्यालयाला तो विचारायला हवा. सध्या आपण विचारतो ते असं: किती स्वयंसेवक आले, किती मुलांपर्यंत पोचलात, किती तास भरले. या आकड्यांच्या कागदावर त्या मुलीच्या तीन ताया म्हणजे तीन स्वयंसेवक, अर्थात कामाची वाढ. तिच्या बाजूनं बघितलं तर ती तीनदा झालेली ताटातूट आहे. मुलांसोबतच्या कामात टिकणं हेच मुख्य काम असतं, आणि कुणी तरी टिकावं यासाठी पैसे लागतात. ते पैसे मागे राहून गट चालवणाऱ्या माणसांना उघडपणे आणि मानानं दिले पाहिजेत, हे मला या लेखात मांडायचं आहे.

ही मागची माणसं कोण, ते आधी सांगतो, कारण गटाच्या छायाचित्रांत ती सहसा नसतात. तिथे हिंजवडीतून, खराडीतून, महाविद्यालयांतून आलेले तरुण चेहरे दिसतात. शेडची किल्ली जिच्याकडे असते ती बाई दिसत नाही. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. सकाळी ती सहकारनगरमध्ये तीन घरी पोळ्या करते, दोनच्या सुमाराला घरी येते आणि अडीचला शेड झाडून सतरंज्या अंथरते. कोण गावी गेलंय आणि परत येईल की नाही, कुणाचा बाप कामावर पडला, कुठल्या मुलीला पाळी आली म्हणून ती आज घराबाहेर पडली नाही, हे तिला ठाऊक असतं. आमच्यातल्या एका दादाची तक्रार होती की त्याच्याकडचा मुलगा लक्ष देत नाही, सारखा पेंगतो. मावशीनं सांगितलं, तो पहाटे चारला काकाबरोबर मार्केट यार्डात जातो. तोवर आम्ही त्याला बसवून पाढे घोकून घेत होतो.

२७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलापर्यंतच्या घरांमध्ये पाणी घुसलं. आम्ही कोथरूड-बावधनचे लोक मोबाइलवर चित्रफिती बघत होतो, एकमेकांना फोन करत होतो. मावशीच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तरी त्या रात्रीच तिनं आमच्या गटातल्या मुलांची नावं घेऊन सांगितलं: हा शाळेत सुखरूप आहे, ही आत्याकडे गेली, या दोघांची पुस्तकं गेली, त्याचा जन्मदाखला गेला. ही यादी तिनं कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती. तेव्हा आमच्या गटाच्या खर्चात तिच्या नावासमोर एक रुपयाही नव्हता. ती "वस्तीतलीच आहे, आपुलकीनं करते" असं आम्ही गृहीत धरलं होतं. आज मला ते गृहीत धरणं चुकीचं वाटतं, आणि त्यात मीही होतो.

किल्लीवालीनंतर फोनवाली. प्रत्येक गटात शुक्रवारी संध्याकाळी फोन करणारं एक माणूस असतं. उद्या कोण येणार, कोणाची परीक्षा आहे, कोणाच्या मुलाशी कोण बसेल, ही जुळणी तीच करते. भाद्रपदाआधी शेड ढोलपथकाला हवी असते, निवडणुकीत प्रचाराच्या साहित्याला हवी असते, श्रावणात हळदीकुंकू असतं. प्रत्येक वेळी मंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन, भाऊ म्हणून, कधी थोडं भांडून, शनिवारचे दोन तास सोडवून आणायचे. नवा स्वयंसेवक पहिल्याच दिवशी मुलाला महागडा मोबाइल दाखवतो, तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगायचं. जाणाऱ्या ताईला, "न सांगता जाऊ नकोस, दोन शनिवार आधी मुलीला सांग, नव्या ताईची ओळख करून दे," असं बजावायचं. हे सगळं दोन तासांच्या बाहेर घडतं, म्हणून कुठल्याच तासांच्या हिशेबात बसत नाही.

मुलाबरोबर बसणाऱ्या माणसाला इंग्रजीत मेंटर म्हणतात; त्याचं काम नेमकं काय, यावरही थोडं बोलायला हवं. मार्गदर्शक हा शब्द मला व्यासपीठावरचा वाटतो; हारतुरे घेऊन दहा मिनिटं बोलणारा. पुण्याच्या पेठांत याहून जवळचा शब्द आहे, वस्ताद. तालमीतला वस्ताद मुलाला नुसते डाव शिकवत नसे. पोरगं काय खातं, कुणाच्या संगतीत आहे, चार दिवस का आलं नाही, यावर त्याची नजर असे. आणि वस्ताद बदलत नसे. पोरगं मिसरूड फुटेपर्यंत त्याच मातीत त्याच माणसासमोर उभं राहत असे. तालमींबद्दल सगळंच छान बोलावं असं नाही. मुलींना तिथे जागा नव्हती आणि जातीच्या भिंती होत्याच. पण एका मुलाला एक मोठं माणूस वर्षानुवर्षं ओळखत राहतं ही कल्पना या शहराला नवी नाही.

वर्षानुवर्षं ओळखणं कुठे उपयोगी पडतं, याचं अगदी व्यवहारातलं उदाहरण देतो. शिक्षणहक्क कायद्यानं, म्हणजे २००९ चा जो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला त्यानं, खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. आमच्या वस्तीतली काही मुलं त्यातून चांगल्या शाळांत गेली. पण हा मोफत प्रवेश आठवीपर्यंतच आहे. नववीला फी भरायची वेळ येते आणि आई-बापाला ते मार्चमध्ये कळतं. ज्या दादानं त्या मुलाला पाचवीपासून पाहिलं आहे, तो सातवीतच घरी जाऊन सांगतो की दोन वर्षांनी हा प्रश्न येणार आहे, आत्तापासून बघू. आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारा आणि ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत बसणारा विद्यार्थी त्यात निवडला गेला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, बँक खातं लागतं, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एक असावं लागतं. आमच्याकडच्या एका मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं होतं. ते दुरुस्त व्हायला सात महिने लागले. तीन महिन्यांसाठी येणारा कितीही हुशार स्वयंसेवक हे करू शकत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, हे सांगणारं कुणी तरी मूल शाळेबाहेर पडल्यावरही त्याच्या ओळखीचं असावं लागतं.

मुलांच्या आया स्वयंसेवकांना पहिल्यांदा मॅडम आणि सर म्हणतात. मुलं ताई-दादा म्हणतात, आया मॅडम-सर. साधारण वर्षभरानं, कधी दोन वर्षांनी, एखादी आई सहज "अगं ताई, जरा आत ये" म्हणते. त्या दिवसापासून घरातली खरी गोष्ट कळायला लागते. कुठल्याही अहवालात या बदलाला रकाना नसतो, पण मी तरी काम सुरू झालं की नाही हे त्यावरूनच ओळखतो.

कुणी लवकर सोडून गेलं की मुलाला फायदा होत नाही एवढंच नाही, उलट अपाय होऊ शकतो. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या जुन्या संस्थेत मुलं आणि मोठी माणसं अशा जोड्या लावल्या जातात. तिथल्या हजारावर मुलांचा अभ्यास करून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींनी २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांमध्ये सर्वांत जास्त सुधारणा दिसली. ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतल्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा कमी झालेला दिसला. तिथलं कुटुंब, तिथली शाळा, तिथलं एकाकीपण वेगळं आहे, आणि त्यांचे आकडे जनता वसाहतीला तसेच्या तसे लावता येणार नाहीत हे खरं. पण आमच्या शेडमधल्या मुलीनं बोटाभोवती बंद गुंडाळत जे विचारलं, त्याच्याशी तो निष्कर्ष जुळतो. ज्या मुलाच्या आयुष्यातून आधीच कुणी तरी गेलेलं आहे, त्याला आणखी एक जाणारं माणूस देणं ही मदत होत नाही.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: "आजकालच्या मुलांना वेळ कुठे आहे? वर्षभराची अट घातलीत तर कुणी येणारच नाही. थोडं तर थोडं, काहीच नसण्यापेक्षा बरं." हा आक्षेप घेणारी माणसं तळमळीनं बोलतात, म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. थोडं बरं असतं, पण कामाच्या जातीवर ते अवलंबून आहे. पर्वतीवर झाडं लावायची असतील, नदीकाठ साफ करायचा असेल, वाचनालयाची पुस्तकं लावायची असतील, शेडला रंग द्यायचा असेल, तर एका रविवारची माणसं जरूर हवीत आणि त्यांचे आभार मानून त्यांना चहा पाजावा. चित्रकलेची एक कार्यशाळा घेऊन जाणारा कलाकारही हवा, मुलांना तो वर्षभर आठवतो. पण मुलाशी नातं जोडण्याचं काम यात येत नाही. ते ज्याला करायचं नाही त्याच्यासाठी दुसरी शंभर कामं आहेत. कंपनीच्या वतीनं एका दुपारी केक घेऊन वस्तीत यायचं, अनोळखी मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढायचे आणि संध्याकाळी निघून जायचं, हे मात्र बंद व्हावं असं मला स्पष्ट वाटतं. त्या मुलांच्या आई-वडिलांना कुणी विचारलेलं नसतं, आणि स्वतःच्या मुलाचा असा फोटो अनोळखी माणसानं काढलेला त्या फोटो काढणाऱ्यांनाही चालणार नाही. (बांधकामांवर राहणारी मुलं स्वतःच काही महिन्यांत दुसऱ्या साइटवर जातात, तिथे एका वर्षाचा नियम चालत नाही, हे मला मान्य आहे. तिथे माणसाऐवजी संस्थेनं टिकायचं असतं.)

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या संस्कारांतून येतो. सेवेचे पैसे घेतले की सेवा संपते, असं आपल्याला शिकवलं गेलं आहे. गटाच्या बैठकीत मावशीला मानधन द्यायचा विषय निघाला तेव्हा दोघे जण मनापासून दुखावले. "मग आपण इथे काय नोकरी लावतोय का?" असं एकानं विचारलं.

त्यांना मी पुण्याचाच इतिहास आठवून दिला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं संस्थेला द्यायची आणि महिना ७५ रुपयांवर समाधान मानायचं अशी रीत होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसनमध्ये याच रीतीनं शिकवलं. धोंडो केशव कर्वे तिथेच आजीव सदस्य होते. हे ७५ रुपये त्यांच्या योग्यतेच्या मानानं कमी होते, बाहेर त्यांना याहून कितीतरी जास्त मिळालं असतं. पण ते शून्य नव्हते. घर चालेल इतके पैसे संस्था देत होती, म्हणून माणूस वीस वर्षांचा शब्द देऊ शकत होता. पुढे १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला तेव्हा सदस्याच्या शपथांमध्ये एक शपथ अशी होती की, स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी समाज जी तरतूद करू शकेल तीत मी समाधानी राहीन. म्हणजे तरतूद गृहीत होती. पैशाचा प्रश्न सोपा होता असं मात्र नाही. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिला, त्यामागच्या वादांत आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत घ्यावी की नाही हा मुद्दा होताच. ती माणसं पैशावर तावातावानं भांडली, कारण त्यांना ते बोलणं कमीपणाचं वाटत नव्हतं. त्यागाची थोरवी सांगताना आपण त्या त्यागामागची ही व्यवस्था विसरलो. मग ज्यांच्या घरी दुसरी मिळकत आहे तेच सेवा करू शकतात, आणि मावशीसारखीनं ती फुकट करावी अशी अपेक्षा उरते.

मागच्या माणसांना विसरण्याची सवयही जुनी आहे. १८४८ च्या भिडेवाड्यातल्या शाळेचं नाव निघालं की जोतीराव-सावित्रीबाईंना आपण नमस्कार करतो, तो करायलाच हवा. पण सगुणाबाई, फातिमा शेख, ज्यांनी घराबाहेर काढलेल्या या जोडप्याला गंज पेठेत आसरा दिला ते उस्मान शेख, यांची नावं आपल्या तोंडी उशिरा आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी फुल्यांनी शाळा काढल्या तेव्हा घरोघर जाऊन, समजूत घालून, मुलं शाळेत आणण्याचं काम लहुजी साळवे आणि राणबा महार यांनी केलं. वस्तीतल्या माणसाचा शब्द नसता तर त्या शाळेत कोण आलं असतं? पुढे १८५५ मध्ये त्या शाळांतली मुक्ता साळवे आपल्या समाजाच्या दुःखाबद्दल निबंध लिहिते आणि तो ज्ञानोदयात छापून येतो. त्या निबंधापर्यंत पोचणाऱ्या वाटेवर लहुजी वस्तादही होते.

आता आजच्या पैशाचं बघू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पुणे परिसरात अशा कंपन्या मुबलक आहेत, आणि शिक्षण हा त्यांच्या आवडीचा विषय आहे. पण हा पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेकडे आयकर कायद्याखालची, १२-ए आणि ८०-जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी, तीन वर्षांचा कामाचा पूर्वेतिहास आणि २०२१ पासून सीएसआर-१ ही असा निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारदरबारची नोंद असावी लागते. गैरव्यवहार टाळायला हे नियम हवेत, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. मात्र यामुळे पत्र्याच्या शेडमधल्या गटापर्यंत हा पैसा पोचत नाही. पोचला तरी तो वस्तूंच्या रूपात येतो: दप्तरं, टॅब, स्मार्ट बोर्ड, भिंतीवरची चित्रं. एका देणगीदारांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की पगारासाठी पैसे देता येणार नाहीत, वस्तू मागा. कायदा असं सांगत नाही. प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचा मोबदला हा प्रकल्पाचाच खर्च असतो. ती देणाऱ्याची आवड आहे, कारण टॅबवर नाव छापता येतं आणि शुक्रवारच्या फोनवर छापता येत नाही.

हिशेब करून बघा. एक अर्धवेळ समन्वयक आणि वस्तीतली एक ताई, दोघींचं मिळून महिन्याला वीस हजार मानधन धरलं तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. गटात तीस मुलं असतील तर मुलामागे वर्षाला आठ हजार, महिन्याला सातशेच्या आत. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एका विषयाच्या शिकवणीला याहून जास्त जातात. एवढ्या पैशात मुलाला दर शनिवारी तेच माणूस भेटण्याची खूप मोठी शक्यता तयार होते. नोंदणी नसलेल्या छोट्या गटांनी मोठ्या, नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली यावं, तिनं हिशेब सांभाळावा आणि कंपनीनं तीन वर्षांचा शब्द द्यावा, हे आजच्या नियमांत बसतं. त्यासाठी नवा कायदा नको, देणाऱ्याचं मन वळायला हवं.

महाविद्यालयांकडून माझी अपेक्षा याहून मोठी आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षापासून चालू आहे. तिच्यात विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, म्हणजे वर्षाला १२०. आमच्याकडे शनिवारचे दोन तास आणि अर्धा तास तयारीचा धरला, वर्षात पंचेचाळीस शनिवार धरले, तर ११२ तास होतात. म्हणजे एका विद्यार्थ्यानं एका मुलासाठी दोन वर्षं देणं आणि योजनेचे तास जवळजवळ तंतोतंत जुळतात! आज हे तास फेऱ्या, पथनाट्यं, स्वच्छता मोहिमा आणि दिनविशेषांत वाटले जातात. त्यातलं काही चांगलं असतंच. पण दर महाविद्यालयानं वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना सांगावं, की तुमचे २४० तास शेजारच्या एका वस्तीत, एका मुलाबरोबर भरायचे. जंगली महाराज रस्त्यापासून पांडवनगरची वस्ती किती लांब आहे? टिळक रस्त्यावरून दांडेकर पूल चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सावित्रीबाईंचं नाव धारण करणाऱ्या विद्यापीठानं हे ठरवलं तर मला मनापासून आनंद होईल.

"हे सरकारचं काम आहे, तुम्ही फुकट करून सरकारला मोकळं सोडता," असंही काही मित्र म्हणतात. शाळा चालवणं, शिक्षक नेमणं, वर्गखोल्या बांधणं हे सरकारचं आणि महापालिकेचंच काम आहे, आणि शनिवारचे ताई-दादा ही शाळेची जागा भरून काढायला आणलेली स्वस्त माणसं होता कामा नयेत. शाळेत शिक्षक नसेल तर गटानं पालकांबरोबर जाऊन शिक्षक मागावा. पण नववीच्या फीबद्दल सातवीत सांगायला येणारं, आजारी पडल्यावर बघायला येणारं माणूस सरकार नेमू शकत नाही. नेमलं तरी दर तीन वर्षांनी त्याची बदली होईल.

टिकण्याचा आणखी एक संबंध आहे तो मुलांच्या सुरक्षिततेशी, आणि इथे भावनेपेक्षा शिस्त हवी. ये-जा फार असलेल्या गटात कोण कुणाबरोबर बसलं याची नोंद राहत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हाही गुन्हा आहे. किती स्वयंसेवकांना हे माहीत असतं? प्रत्येक नव्या माणसाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, दार उघडं ठेवून आणि दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच मुलाबरोबर बसणं, मुलाला एकट्यानं बाहेर न नेणं, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन क्रमांक शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असणं, हे सगळं कुणी तरी दर आठवड्याला पाळून घ्यावं लागतं. चांगल्या घरचा मुलगा आहे, एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे पाळून घेणारं माणूस फुकट, जमेल तसं येणारं असून चालत नाही.

एक गोष्ट सगळ्यात आशेची आहे. गट दहा-बारा वर्षं टिकला की आतून माणसं तयार होतात. पुण्यात याच्या जुन्या वाटा आहेत. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत १९४१ पासून मुलं मोठी होऊन शाखानायक झाली. ज्ञान प्रबोधिनीत, १९६२ पासून, दलावर, म्हणजे मुलांच्या खेळगटात, खेळायला येणारे पुढे दल घेऊ लागले. मंगळवार पेठेत किशाभाऊ पटवर्धनांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या स्व-रूपवर्धिनीत, वस्त्यांमधून आलेली आणि तिथेच वाढलेली मुलं पुढे शाखा सांभाळताना दिसतात. या तिन्ही ठिकाणचे विचार एकसारखे नाहीत, पण शाखेवरचा दादा रोज तोच असतो हे तिन्हींकडे सारखं आहे. आमच्या शेडमध्ये आता आयटीआयला जाणारा एक मुलगा गणित घेतो. त्याचं मराठी माझ्यापेक्षा मुलांना लवकर समजतं आणि त्याला "तुम्ही किती दिवस येणार" असं कुणी विचारत नाही, कारण तो पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याच्यावर घरी कमावण्याचा ताण आहे. त्याला शनिवारचे पैसे मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी तो त्या वेळात डिलिव्हरीची गाडी चालवेल. मग आम्ही पुन्हा बाहेरून माणसं शोधू.

मावशीला आणि फोन करणाऱ्या ताईला आता मानधन मिळतं. आमच्यातल्या बारा जणांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची असं ठरवून ते सुरू केलं. जे दुखावले होते त्यांतला एक जण गेला, एक राहिला. मावशीनं पहिल्या महिन्याचं पाकीट दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वही मागून घेतली आणि मुलांची हजेरी स्वतः लिहायला सुरुवात केली. तीन घरांपैकी एक घर तिनं सोडलं, म्हणून आता शाळेतल्या पालकसभेला ती जाऊ शकते.

गेल्या जूनपासून आमच्या नोंदणीच्या कागदावर एक नवी ओळ आहे: "मी ... या महिन्यापर्यंत येईन." भरलेला कागद आम्ही मुलाला वाचून दाखवतो आणि त्याची एक प्रत मुलाकडे देतो. या वर्षी अकरा कागद आले. सात जणांनी ती ओळ रिकामी ठेवली होती. चौघांना घेतलं. सहावीतली ती मुलगी आता नववीत आहे. इंजिनिअरिंगची ताई पदवी घेऊन पुण्यातच नोकरीला लागली, अजून येते. तिच्या कागदावर "दहावीच्या निकालापर्यंत" असं लिहिलेलं आहे, आणि तो कागद मुलीनं भूगोलाच्या पुस्तकात ठेवला आहे.